अर्नेस्ट कॉडमन: शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने रुग्णाची चौकशी करणारा सर्जन

गोंदियातल्या एखाद्या धान शेतकऱ्याच्या मणक्याची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, तर रुग्णालयाला ठरलेला दर मिळतो. पुढच्या पावसाळ्यात त्याला वाकून रोवणी करता आली की नाही, यावर ती रक्कम ठरत नाही. उपचाराचे पैसे आणि उपचाराचा गुण यांची अशी फारकत का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बोस्टनच्या एका सर्जनने विचारला होता. तो त्यांना महागात पडला.

अर्नेस्ट एमरी कॉडमन यांचा जन्म १८६९ चा. हार्वर्डमध्ये शिकताना त्यांनी हार्वे कुशिंग यांच्यासोबत भूल दिलेल्या रुग्णांचे तक्ते ठेवायला सुरुवात केली. नोंदींचे वेड तेव्हापासूनचे. पुढे खांद्याच्या आजारांचे जाणकार म्हणून त्यांचे नाव झाले.

त्यांची कल्पना साधी होती. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवायचे. त्यावर त्रास काय होता, काय केले आणि वर्षभराने तो कसा आहे, हे लिहायचे. बरा नसेल तर चूक कुठे झाली, तेही लिहायचे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मात्र बढती सेवाज्येष्ठतेने मिळे. कॉडमन यांनी १९१४ मध्ये राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात १२३ चुका स्वतःच नोंदवल्या. आजही हे धाडस फार कुणी करत नाही!

जानेवारी १९१५ च्या सभेत त्यांनी एक व्यंगचित्र दाखवले. वाळूत डोके खुपसलेले शहामृग म्हणजे शहरातले श्रीमंत रुग्ण. ते न बघताच डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लोटत होते. सभा खवळली. स्थानिक शल्यचिकित्सकांच्या मंडळाचे अध्यक्षपद गेले, हार्वर्डमधली जागाही गेली.

नंतर त्यांनी हाडांच्या कर्करोगाची नोंदवही सुरू केली आणि १९३४ मध्ये खांद्यावरचा ग्रंथ काढला. १९४० मध्ये ते वारले.

पाठदुखीत त्यांची पद्धत विशेष लागू पडते, कारण एक्स-रे चांगला दिसला तरी पाठ दुखतच राहू शकते. म्हणून १९८० मधली ओस्वेस्ट्री प्रश्नावली रुग्णालाच विचारते: किती वेळ बसता येते, किती चालता येते, ओझे उचलता येते का? स्टॉकहोममध्ये २०१३ पासून मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या मोबदल्याचा काही भाग रुग्णाच्या नंतरच्या दुखण्यावर ठरू लागला.

कॉडमन यांच्या थडग्यावर मात्र २०१४ पर्यंत नावाचा दगडही नव्हता.