जादूची गोळी शोधणारा माणूस

बंदुकीतून सुटते ती पण गोळी आणि डॉक्टर देतात ती पण गोळी! मराठीतली ही गंमत पॉल एर्लिख यांना नक्कीच आवडली असती. रोगाच्या जंतूला नेमकं लागेल आणि रोग्याला धक्काही लावणार नाही, अशा औषधाचा या जर्मन शास्त्रज्ञाने आयुष्यभर ध्यास घेतला. त्याला त्यांनी नावच दिलं होतं, जादूची गोळी.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. मेडिकलला असताना त्यांना वेड लागलं ते रंगांचं. त्या काळी जर्मनीत कापडासाठी नवे नवे केमिकल रंग बनत होते. एर्लिख तेच रंग घेऊन तासन् तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. एखादा रंग एकाच जातीच्या पेशीला धरतो, शेजारणीला शिवतही नाही, हे त्यांनी पाहिलं. आपण स्लाइड छान आली म्हणून जर्नल पूर्ण केलं असतं. त्यांना मात्र प्रश्न पडला, की रंग जर पेशी निवडू शकतो तर औषध का नाही? ऊती रंगवण्याच्या विषयावरच १८७८ साली त्यांना लाइपझिगची डॉक्टरेट मिळाली.

१८८२ मध्ये कॉख यांनी टीबीचा जंतू दाखवला आणि एर्लिखनी तो रंगवायची जास्त चांगली पद्धत काढली. पुढे १८८८ मध्ये त्याच पद्धतीने त्यांना स्वतःच्या थुंकीत टीबीचे जंतू दिसले! ते हवापालटासाठी इजिप्तला गेले, बरे होऊन परतले आणि पुन्हा कामाला लागले.

१८९७ मध्ये त्यांनी आपला मोठा सिद्धांत मांडला. पेशीच्या अंगावर जणू छोटे छोटे हात असतात आणि कुलपात किल्ली बसावी तसं विष त्या हातांत बसतं. विषाचेही दोन भाग असतात, एक पकडणारा आणि दुसरा मारणारा. पकड नाही तर परिणामही नाही. इम्युनिटीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल त्यांना मेचनिकॉफ यांच्याबरोबर विभागून मिळालं.

पण गोळी अजून सापडायची होती. त्यांच्या लॅबमध्ये आर्सेनिकची शेकडो संयुगं बनवली गेली. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल, विषच ते! त्यातलं ६०६ नंबरचं संयुग आधी नापास करून बाजूला ठेवलं होतं. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ते सिफिलिस झालेल्या सशांवर पुन्हा तपासलं आणि ससे बरे झाले. १९१० मध्ये ते साल्व्हरसान नावाने बाजारात आलं.

कौतुक झालं, तशा शिव्याही पडल्या. ही पूड हवेत टिकत नसे, द्रावण आयत्या वेळी बनवावं लागे. काही रोगी दगावले. विरोधकांनी इतका गदारोळ केला की १९१४ मध्ये जर्मनीच्या संसदेतही चर्चा झाली. एर्लिखनी १९१२ मध्येच सुधारित औषध आणलं होतं, पण नेम शंभर टक्के बसला नव्हता हे खरं. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते वारले.

आज पॉलिमरच्या नॅनोपार्टिकलवर पेप्टाइड जोडतात, ती त्यांचीच आयडिया. पीएलजीए हे शरीरात आपोआप विरघळणारं पॉलिमर. शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या त्याच्या कणात औषध भरायचं. कणावरचे कार्बॉक्झिल ग्रुप ॲक्टिव्हेट करून पेप्टाइडच्या अमाइनशी अमाइड बाँड जुळवायचा. झाला पकडणारा हात तयार! आरजीडी हे फक्त तीन अमिनो ॲसिडचं पेप्टाइड पेशीवरच्या इंटिग्रिनला धरतं आणि पेशी तो कण आत ओढून घेते. एचआयव्हीच्या प्रोटीनमधून घेतलेलं टॅट पेप्टाइड तर पेशीत सहज शिरतं, पण ते आपली पेशी, परकी पेशी असं बघतच नाही. शिवाय रक्तात सोडलेले बरेचसे कण लिव्हरच वाटेत अडवतं. आत शिरलेले कणही पुष्कळदा पेशीतल्या पिशवीत अडकून पडतात.

म्हणजे आत शिरणं वेगळं आणि योग्य दारातून शिरणं वेगळं. एर्लिखना छळणारा प्रश्न शंभर वर्षांनंतरही सुटलेला नाही. केमिकल, पॉलिमर आणि बायोटेकवाल्यांनो, हा पेपर अजून कोऱ्या पानांसकट आपल्यासमोर आहे. सोडवणार ना?