कोहिनूर इंग्रजांना देणारा महाराजा तेव्हा फक्त दहा वर्षांचा होता

कोहिनूर परत आणा, ही मागणी आपल्याकडे दर काही वर्षांनी होतच असते. एप्रिल २०१६ मध्ये अशीच एक याचिका सुप्रीम कोर्टासमोर आली. तेव्हा केंद्र सरकारच्या वतीने सांगण्यात आलं की, हा हिरा कुणी चोरलेला नाही. शीख युद्धांतल्या मदतीच्या बदल्यात महाराजा रणजितसिंग यांनी तो इंग्रजांना राजीखुशीने दिला होता. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि ही आपली अंतिम भूमिका नाही, असा खुलासा सरकारला दुसऱ्याच दिवशी करावा लागला.

पण यात एक साधी अडचण होती. रणजितसिंग वारले १८३९ साली. शीख आणि इंग्रजांचं पहिलं युद्ध झालं १८४५ साली आणि कोहिनूर गेला १८४९ साली.

मग तो दिला कुणी? तर रणजितसिंग यांच्या सर्वात धाकट्या मुलाने. त्याचं नाव दुलीपसिंग.

पाच वर्षांचा राजा

दुलीपचा जन्म सप्टेंबर १८३८ चा, लाहोरचा. आई राणी जिंदकौर, लोक तिला जिंदाँ म्हणत. बाप गेला तेव्हा पोरगं एक वर्षाचंही नव्हतं.

रणजितसिंग यांनी १८१३ साली अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडून कोहिनूर मिळवला होता. बाजूबंदात जडवून ते तो दंडावर मिरवत. ते गेले आणि लाहोर दरबारात मरणांची रांगच लागली. थोरला मुलगा खडकसिंग १८४० मध्ये वारला. त्याला अग्नी देऊन परतताना त्याचा मुलगा नौनिहालसिंग याच्यावर दरवाजाची कमान कोसळली आणि तोही गेला. पुढे गादीवर आलेल्या शेरसिंगला १८४३ मध्ये गोळी घालून मारलं. त्यानंतर पाच वर्षांच्या दुलीपला गादीवर बसवलं गेलं आणि त्याच्या नावाने कारभार जिंदाँ पाहू लागली.

पहिल्या युद्धात शीख फौज हरली. डिसेंबर १८४६ मध्ये भैरोवालचा तह झाला. महाराजा सोळा वर्षांचा होईपर्यंत लाहोरचा कारभार इंग्रज रेसिडेंटच्या देखरेखीखाली चालेल, असं त्यात ठरलं. आपल्या भाषेत सांगायचं तर अज्ञान मुलाचे पालक आता इंग्रज झाले.

या पालकांना आई मात्र नको होती. ऑगस्ट १८४७ मध्ये जिंदाँला लाहोरमधून काढून शेखूपुऱ्याच्या किल्ल्यात ठेवलं. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. मायलेकांची पुन्हा भेट व्हायला तेरा वर्षं जावी लागली.

तहाचं तिसरं कलम

१८४८ मध्ये मुलतानला दिवाण मूलराजच्या माणसांनी दोन इंग्रज अधिकाऱ्यांना ठार केलं. बंड पसरलं आणि दुसरं युद्ध पेटलं. त्यातही शीख हरले. बंड दुलीपने केलं नव्हतं, तो लाहोरात इंग्रजांच्याच ताब्यात होता. तरीही २९ मार्च १८४९ रोजी त्याच्यासमोर तहाचा कागद आला आणि पंजाब कंपनीच्या राज्यात गेला. त्या बदल्यात महाराजा, त्याचे नातेवाईक आणि नोकरचाकर मिळून सगळ्यांना वर्षाला चार ते पाच लाख रुपये मिळणार होते.

या तहाच्या तिसऱ्या कलमात फक्त कोहिनूरचा विषय होता. लाहोरच्या महाराजाने हा हिरा इंग्लंडच्या राणीच्या स्वाधीन करावा, असं ते कलम सांगतं. स्वाधीन करावा, भेट द्यावी असं नाही. कागदावर सही करणाराचं वय होतं दहा.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने हिरा स्वतः लाहोरहून मुंबईला आणला. त्यासाठी शिवलेला पट्टा अंगावर बांधून त्याने हा प्रवास केला. योग्य जहाज मिळेपर्यंत कोहिनूर मुंबईच्या सरकारी खजिन्यात पडून होता. ६ एप्रिल १८५० रोजी ‘मेडिया’ ही युद्धनौका मुंबईहून निघाली आणि ३ जुलै रोजी हिरा राणी व्हिक्टोरियाच्या हातात पडला.

खिडकीपाशी उभा राहिलेला मुलगा

दुलीपला पंजाबपासून दूर, आजच्या उत्तर प्रदेशातल्या फतेहगडला नेलं. सांभाळायला डॉक्टर जॉन लॉगिन आणि त्यांची बायको होती. १८५३ मध्ये तो ख्रिस्ती झाला, केसही कापले. पुढच्या वर्षी तो इंग्लंडला पोचला आणि राणीचा लाडका झाला. राणीने दरबारी चित्रकार विंटरहाल्टरकडून त्याचं चित्र काढून घेतलं.

चित्राचं काम राजवाड्यात चालू असतानाच तो प्रसंग घडला, ज्याची आठवण लेडी लॉगिन यांनी सांगून ठेवली आहे. राणीने कोहिनूर मागवला आणि दुलीपच्या हातात ठेवला. तो हिरा घेऊन खिडकीपाशी गेला आणि उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिला. त्याने ओळखलेला कोहिनूर आता उरला नव्हता. १८५२ मध्ये नव्याने पैलू पाडले तेव्हा १८६ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला होता. खोलीतल्या सगळ्यांचे श्वास अडकले होते. शेवटी तो वळला आणि अदबीने हिरा राणीला परत दिला.

दुलीपसिंगने राणीला कोहिनूर भेट दिला, असं बोललं जात असल्याचं डलहौसीच्या कानावर गेलं. त्याने एका खासगी पत्रात हे चक्क थोतांड ठरवलं. ती भेट नव्हती, असं त्याचं म्हणणं होतं. हिरा घेणारा माणूसच भेट शब्द नाकारत होता!

आई, नाशिक आणि बंड

जिंदाँ १८४९ मध्ये चुनारच्या किल्ल्यातून वेश पालटून निसटली आणि नेपाळला पोचली. जानेवारी १८६१ मध्ये कलकत्त्यात मायलेक भेटले, तेव्हा तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. दुलीपसिंग तिला इंग्लंडला घेऊन गेले. काय काय हिरावलं गेलं, हे त्यांना आईकडून कळलं.

१ ऑगस्ट १८६३ रोजी जिंदाँ लंडनमध्ये वारली. तिथे दहनाला परवानगी नव्हती. १८६४ मध्ये मुलगा तिचा देह घेऊन मुंबईला आला, पण पंजाबात जाण्याची मुभा त्याला नव्हती. म्हणून पंजाबच्या या राणीची समाधी उभी राहिली आपल्या नाशिकला, गोदावरीकाठी पंचवटीच्या बाजूला. पुढे १९२४ मध्ये तिच्या नातीने, राजकन्या बंबाने, अस्थी लाहोरला रणजितसिंग यांच्या समाधीत नेऊन ठेवल्या.

दुलीपसिंग मात्र परत इंग्लंडला गेले. सफक परगण्यातली एल्व्हडनची १७ हजार एकरांची जहागीर, शिकारी, मेजवान्या असा थाट होता. खर्च वाढला, कर्ज झालं आणि ते जुने कागद काढून बसले. १८८२ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून आपली बाजू मांडली. त्यांचा मुद्दा कुठल्याही दिवाणी कोर्टात समजेल असा होता. पालक म्हणून नेमलेल्यांनीच अज्ञान मुलाची मालमत्ता जप्त केली, मग त्यांना पालक कसं म्हणायचं?

सरकारने दाद दिली नाही. १८८६ मध्ये ते हिंदुस्थानात यायला निघाले, पण एडनलाच अडवले गेले. तिथेच त्यांनी पुन्हा शीख धर्म स्वीकारला, पेन्शन सोडली आणि युरोपला परतले. १८८७ मध्ये रशियाची मदत मिळते का, हे पाहायला ते मॉस्कोला गेले. हाती काही लागलं नाही. अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांनी राणीची क्षमा मागितली, तिने ती दिली. २२ ऑक्टोबर १८९३ रोजी पॅरिसमध्ये ते वारले. त्यांना एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात ख्रिस्ती पद्धतीने पुरलं.

कोहिनूर आज टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, १९३७ साली राणी एलिझाबेथ (दुसऱ्या एलिझाबेथची आई) हिच्यासाठी घडवलेल्या मुकुटात. २०२३ च्या राज्याभिषेकात राणी कॅमिला यांनी तो वापरला नाही. तो परत येईल का, हा राजकारणाचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. पण तो राजीखुशीने दिला का, या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. तहाची तारीख पाहावी, मुलाची जन्मतारीख पाहावी आणि त्या दिवशी त्याची आई कुठे होती, तेही पाहावं.