चामड्याचा चेंडू

पंढरीच्या वाटेवर तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीस मुक्काम करते आणि पुढे सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी ही गावे घेत इंदापुरास पोहोचते. त्या सोहळ्यातील एखादी दिंडी नीट पाहावी. पुढे पताका, मागे दोन ओळींत टाळकरी, त्यांच्यामध्ये पखवाजी आणि विणेकरी, शिवाय डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया. विणेकरी थकला तरी वीणा भुईवर टेकवीत नाही. ती दुसऱ्याच्या गळ्यात गेली म्हणजेच त्याची सुटका होते. हजारो माणसे चालतात, पण आपली जागा कोणी सोडीत नाही.

या दोन्ही तालुक्यांतील शाळांच्या पटांगणावर खेळणाऱ्या मुलांना जागेचे हे महत्त्व कोणी वेगळे सांगावे लागत नाही. खो मिळाल्याखेरीज पाटीवरून उठायचे नाही, हुतूतूत आपला कोपरा उघडा टाकायचा नाही, हे ती लहानपणीच शिकतात. परंतु खेळ हा शाळेत शिकविण्याचा विषय आहे, आणि संघात प्रत्येक मुलाला जागा व जबाबदारी देणे हे शिक्षकाचे काम आहे, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशात फार थोड्यांना वाटत असे. काश्मीरमधील श्रीनगर येथे एका शिक्षकाने याच गोष्टीसाठी सारे शहर आपल्यावर रुष्ट करून घेतले. त्यांचे नाव सेसिल टिंडेल बिस्को.

बिस्को यांचा जन्म १८६३ साली इंग्लंडातील ऑक्सफर्डशायर परगण्यात झाला. ते अंगाने लहानखुरे होते. शाळेत दांडगी मुले दुबळ्या मुलांना कशी छळतात हे त्यांनी जवळून पाहिले, आणि त्याविषयीची चीड त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे केंब्रिज विद्यापीठात ते नौकाक्रीडेत शिरले. टेम्स नदीवर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात दरवर्षी होणारी नावांची शर्यत प्रसिद्ध आहे. एका नावेत नऊ जण असतात. त्यांपैकी आठ जण वल्ही मारतात, पण त्यांची पाठ नावेच्या दिशेकडे असते. आपण कोठे चाललो आहोत हे त्यांना दिसत नाही. नववा तेवढा पुढे तोंड करून बसतो आणि सुकाणू सांभाळतो. त्याचे वजन नावेला जड होऊ नये म्हणून या जागेसाठी अंगाने हलका गडी निवडतात. १८८४ च्या शर्यतीत केंब्रिजच्या नावेचे सुकाणू बिस्को यांच्या हाती होते आणि ती शर्यत केंब्रिजने जिंकली. जे शरीर शाळेत थट्टेचा विषय होऊ शकले असते, त्याच शरीराची त्या नावेला गरज होती.

शिक्षण संपल्यावर ते धर्मोपदेशक झाले. काही काळ त्यांनी लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत काम केले आणि १८९० साली ते श्रीनगरच्या मिशन शाळेत आले. ही शाळा नोल्स नावाच्या मिशनऱ्याने त्यापूर्वीच सुरू केलेली होती. वर्गात बहुतेक मुले ब्राह्मणांची. अंगात पायघोळ फिरन, त्याच्या आत उबेसाठी निखाऱ्यांची कांगडी, पायांत खडावा. पाठांतरात ती हुशार होती. परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि दरबारात कारकुनी मिळवावी, एवढे त्यांच्या घरच्यांचे मागणे होते. धावणे, वल्हे मारणे, ओझे उचलणे ही कामे हलक्या लोकांची, असा त्यांचा समज होता. वल्हे तर हांजी म्हणजे नावाड्यानेच मारायचे. झेलम नदीच्या काठी राहूनही पुष्कळांना पोहता येत नव्हते.

१८९१ च्या शरदऋतूत बिस्को आपल्या नवपरिणीत पत्नीसह श्रीनगरला परतले. सामानात एक फुटबॉल होता. त्यांनी तो वर्गात दाखविला. मुलांनी तो कशाचा आहे हे विचारले आणि चामड्याचा आहे हे कळताच ती मागे सरली. मेलेल्या जनावराचे कातडे शिवणे हा त्यांच्या दृष्टीने विटाळ होता. बिस्को यांनी वाद घातला नाही. त्यांनी फळ्यावर मैदान काढले आणि कोणी कोठे उभे राहायचे हे समजावून दिले. त्या काळच्या रीतीप्रमाणे फुटबॉलच्या संघात एक गोलरक्षक, त्याच्यापुढे दोन पाठराखे, मधल्या फळीत तीन आणि आघाडीला पाच खेळाडू असत. गोलरक्षकाखेरीज कोणी चेंडूला हात लावायचा नाही, हा नियम ऐकून मुलांना हायसे वाटले असेल. पण पाय तरी त्याला लागणारच होता.

शाळा सुटल्यावर मुलांना मैदानावर नेण्यात आले. त्यांनी वाटेत पळून जाऊ नये म्हणून शिक्षक हातांत काठ्या घेऊन मागून चालले होते. ही वार्ता शहरभर पसरली आणि मैदानाभोवती माणसांची दाटी झाली. कोणी चिडलेले होते, कोणी नुसते मौज पाहायला आलेले होते. दोन्ही संघ नेमल्या जागी उभे राहिले, पण खेळ सुरू करण्याचा इशारा झाला तरी कोणी हलेना. अखेर काठ्या उगारल्या गेल्या, तेव्हा कोठे चेंडूला पहिली लाथ बसली. मग एकच धांदल उडाली. फिरन पायांत अडकले, खडावा हवेत उडाल्या, पागोटी सुटली.

इतक्यात चेंडू उसळून एका मुलाच्या तोंडावर आदळला. खेळ थांबला. त्या मुलाला रडू कोसळले. तोंडाला चामडे लागले, आता आपले काय होणार, हे त्याला कळेना. चेहऱ्याला हात लावावा तर हातही बाटणार. दोन्ही संघांतील मुले त्याच्याभोवती गोळा झाली. आता सारेच मोडणार असे वाटत असताना बिस्को यांनी त्याला जवळच्या कालव्यावर नेऊन तोंड धुवायला सांगितले. सोबत्यांनी त्याला तिकडे नेले, त्याचे तोंड धुतले आणि त्याला परत आणले. मग ती सारी पुन्हा आपापल्या जागी उभी राहिली, आणि खेळ पुढे चालला.

त्या सायंकाळचा खरा भुर्दंड मुलांनी सोसला. काहींना त्यांच्या घरच्यांनी घरात घेतले नाही. त्यांना नातलगांकडे आसरा शोधावा लागला. काठीच्या धाकाने मुलांना खेळायला लावणे आज कोणत्याही शिक्षकाला शोभणार नाही, आणि तेव्हाही ते योग्य होते असे म्हणता येत नाही. भीतीने पहिली लाथ मारता येते. पण रडणाऱ्या सोबत्याला कालव्यावर नेऊन परत आणणाऱ्या मुलांना कोणाच्या काठीची गरज पडली नव्हती.

काश्मीरच्या या मुलांना हसण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. बारामती-इंदापूरच्या मळ्यांत विहिरीचे पाणी चामड्याच्या मोटेने वर येई आणि ते सगळेच पीत. दिंडीतील पखवाजालाही चामड्याचीच पुडी असते. पण ती मोट शिवणाऱ्याला उंबरठ्याच्या आत कोणी घेत नसे. श्रीनगरात चेंडू उसळला त्याच सुमारास पुण्यात पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील तरुण गोऱ्यांच्या क्लबात क्रिकेटच्या मैदानाची निगा राखीत होता. त्याच्या फिरकीचे कसब पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्याला आपल्यात घेतले. मैदानावर त्याच्या हातातला चामड्याचा चेंडू सगळे झेलीत. मधल्या सुट्टीत मात्र त्याला चहा बाहेर आणि मातीच्या भांड्यात मिळे. संघात जागा मिळाली, पंगतीत मिळाली नाही. हिंदू संघाचे नेतृत्व बाळूला कधीच देण्यात आले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे आले.

श्रीनगरात फुटबॉल हळूहळू रुजला. त्यामागोमाग वल्ही आली, पोहणे आले, मुष्टियुद्ध आले. पंडित शंकर कौल यांच्यासारखे काश्मिरी शिक्षक मनापासून साथ देऊ लागल्यावर कामाला बळ आले. ठरावीक वयापर्यंत पोहायला न शिकणाऱ्या मुलाची फी वाढविली जाई, त्यामुळे पालकच मुलांना पाण्यात उतरण्याचा आग्रह करू लागले! नावांच्या कवायतीत तर एक विलक्षण प्रकार होता. सगळ्या नावा ओळीने पाण्यात येत, इशारा होताच मुले आपण होऊन त्या बुडवीत, आणि मग पोहत, एकमेकांना सांभाळीत नावा सरळ करून पुन्हा त्यांत चढत. एकाने घाई केली तर सगळ्यांचा घोटाळा होई.

या सवयीचा उपयोग लवकरच शहराला झाला. श्रीनगरची घरे लाकडाची. आग लागली की आळीच्या आळी भस्मसात होई. बिस्को यांची मुले शाळेचा पाण्याचा पंप घेऊन धावत. कोणी पंप हाणी, कोणी नळी धरी, कोणी घरातली माणसे बाहेर काढी. झेलमला आलेल्या महापुरात त्यांनी नावा घालून लोकांना वाचविले. पटकीच्या साथीत गल्ल्या झाडून स्वच्छ केल्या. रुग्णालयातून उठू लागलेल्या रोग्यांना नावेत बसवून ती सरोवरात हवा खायला नेत. या रोग्यांत हिंदू असत, मुसलमान असत, गरीब हांजीही असत. ज्याचे वल्हे धरायला ही मुले लाजत होती, त्यालाच नावेत बसवून आता ती वल्ही मारीत होती. शाळेच्या गुणपत्रकात अभ्यासाबरोबर शरीर आणि वर्तन यांचेही गुण मांडले जात. शाळेच्या चिन्हावर दोन वल्ही एकमेकांवर आडवी ठेवलेली आहेत. त्यांची पाती हृदयाच्या आकाराची आहेत.

बिस्को यांची जीभ तिखट होती. काश्मिरी माणसांविषयी त्यांनी लिहिलेला मजकूर पुष्कळदा तिरस्काराने भरलेला आहे, आणि राज्यकर्त्या जातीचा ताठा त्यांच्या वागण्यात लपत नसे. शतकानुशतके परक्या सत्तांखाली दबलेल्या लोकांनी सावधपणा का धरला, याचा विचार ते थोडाच करीत. तरीही त्यांच्या शाळेवर शहराचा राग कायम राहिला नाही. ज्यांनी आरंभी शिव्या दिल्या, त्यांच्याच घरची पुढची पिढी या शाळेत आली.

जवळजवळ सत्तावन्न वर्षे काश्मीरमध्ये काढून १९४७ साली ते तेथून निघाले आणि १९४९ साली आफ्रिकेत ऱ्होडेशिया येथे मरण पावले. त्यांच्या नावाची शाळा श्रीनगरच्या शेखबागेत आहे. २०१८ साली रिअल काश्मीर हा श्रीनगरचा संघ देशातील आय-लीग या मोठ्या फुटबॉल स्पर्धेत प्रथमच उतरला. त्याचे सामने श्रीनगरात झाले तेव्हा थंडीत कुडकुडत लोक मैदानाभोवती बसले होते. त्यांतल्या पुष्कळांच्या अंगावर फिरन होते आणि आत कांगडी होती.