पडद्यावर न आलेला हॅम्लेट

गेल्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनात मी हॅम्लेटचे एक स्वगत म्हणण्यास उभा राहिलो. तयारी म्हणून लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९४८ सालचा चित्रपट मोबाईलवर तीन वेळा पाहिला होता. त्यात स्वगताच्या वेळी कित्येकदा नटाचे ओठ मिटलेले असतात आणि मनातले बोल मागून ऐकू येतात. मीही तसाच हळू बोललो. शेवटच्या रांगेत माझी आई बसली होती. शाळेची पायरी न चढलेली ती माउली घरी आल्यावर विचारू लागली, की तुझे ओठ तर हलत होते, मग तू बोलत का नव्हतास? मी खजील झालो. पुढे ग्रंथालयात नटवर्य गणपतराव जोशी यांचे चरित्र वाचले, तेव्हा माझी चूक मला कळली.

गणपतरावांचा जन्म १८६७ चा. साताऱ्याचे एक नाव शाहूनगर. त्यावरून नाव घेतलेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीचे ते प्रमुख नट झाले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्र गाण्यांनी वेडा झाला. अशा काळात या मंडळीने गद्य नाटकांची कास धरली. गाण्याचा आधार नाही. जे काही करायचे ते शब्दांनी आणि मुद्रेने.

गोपाळ गणेश आगरकर १८८२ साली टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तेथे त्यांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम केले आणि १८८३ साली ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. त्यातील हॅम्लेट म्हणजे चंद्रसेन. हीच गणपतरावांची अजरामर भूमिका. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक वासुदेवराव केळकर यांनी त्यांना शेक्सपियर समजावून दिला. केळकरांच्याच 'त्राटिका' नाटकात गणपतराव प्रतापराव होत, तर बळवंतराव जोग त्राटिका. शोकान्तिकेचा नायक आणि संत तुकाराम, दोन्ही त्यांनी तितक्याच तन्मयतेने रंगविले. रसिक त्यांची तुलना इंग्लंडच्या गॅरिकशी करीत.

आता माझ्या मुद्द्याकडे वळतो. चित्रपटात कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ जातो. रंगभूमीवर नटालाच प्रेक्षकाजवळ जावे लागते. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. चंद्रसेनाचे एकान्तातले दुःख शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे, आणि तरी ते एकान्तातलेच वाटले पाहिजे! स्वगताची खरी कसोटी हीच. शिवाय चित्रपटातला हॅम्लेट एकदाच मरतो आणि तेच मरण पुनःपुन्हा दाखविले जाते. गणपतरावांच्या चंद्रसेनाला मात्र दर प्रयोगी नव्याने मरावे लागे.

१९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. पण तो मूकपट. ज्याची सारी कला वाणीत, त्याला तेथे काय स्थान? १९२२ साली गणपतराव वारले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३२ साली, 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. १९३५ साली सोहराब मोदींनी आपला रंगभूमीवरचा हॅम्लेट 'खून का खून' या बोलपटात उतरविला. गणपतरावांना ती संधी लाभली नाही. त्यांचा चंद्रसेन ज्यांनी पाहिला ते प्रेक्षकही आज नाहीत.

मग उरले काय? माझे वडील माळेगावच्या यात्रेत तरुणपणी पाहिलेल्या एका वगाची गोष्ट अजून सांगतात. कलावंताचे नाव त्यांना आठवत नाही, पण सांगताना त्यांचा आवाज जड होतो. गणपतरावही असेच कित्येकांच्या घरी गेले असतील.

यंदाच्या संमेलनात मी पुन्हा नाव दिले आहे. स्वगत तेच आहे. आईला पुढे बसण्याचा आग्रह मी करणार नाही.