टोचलेले आणि न टोचलेले

बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला सर ‘कंट्रोल’ ठेवायला सांगतात. दोन परीक्षानळ्या, सगळं सारखं, फक्त एकीत एक गोष्ट वेगळी. आपण जर्नलमध्ये तेवढं उतरवतो, सही घेतो आणि कॅन्टीन गाठतो. खरं तर शहाद्याच्या शिवारात ही युक्ती नवी नाही. पपईवर नवीन औषध मारताना जाणता शेतकरी दोन ओळी मुद्दाम तशाच सोडतो. नाहीतर फरक औषधाने पडला की हवामानाने, हे कळणार कसं? हीच युक्ती सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेगच्या साथीत वापरली गेली, तीही माणसांवर. वापरणारे होते वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्यांचं नाव आहे, ते.

जन्म १८६० चा, ओडेसाचा. ज्यू असल्यामुळे रशियात पुढची वाट बंद, म्हणून पॅरिस गाठलं. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवातीचं काम होतं ग्रंथालयातलं! १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत पोहोचले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत काम सुरू झालं. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. हो, आपलं साधं तूप. त्या थेंबांना धरून जंतूंचे धागे खाली लोंबत वाढायचे. मग ते उष्णता देऊन मारायचे. मेलेल्या जंतूंनी रोग होत नाही, पण शरीर त्यांना ओळखून ठेवतं आणि पुढे खरा जंतू आला की तयार असतं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी ही लससुद्धा आधी स्वतःला टोचली. ताप आला, उतरला.

पण एवढ्याने सिद्ध काय झालं? एका माणसाला लस सोसली, एवढंच. ती प्लेग अडवते का, हा प्रश्न तसाच राहिला. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार असलेल्या कैद्यांना लस टोचली, बाकीच्यांना नाही. जेवण तेच, पाणी तेच, भिंती त्याच. मग दोन्ही बाजूंची मोजणी. टोचलेल्यांत लागण आणि मृत्यू, दोन्ही न टोचलेल्यांपेक्षा बरेच कमी निघाले. आजच्या नजरेने यात खोट आहेच: चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि कैदी कितपत मोकळेपणाने ‘हो’ म्हणाला असेल, हाही प्रश्न आहे. तरी न टोचलेल्यांचा आकडा सोबत ठेवल्यामुळेच त्या निकालाला वजन आलं.

बाहेर लोक घाबरलेलेच होते. प्लेगच्या तपासणीसाठी सरकारी माणसं घरात घुसत होती आणि सुईही सरकारचीच. विश्वास बसायचा कसा? तरी लस पसरली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली.

आणि मग मुल्कोवाल. पंजाबातल्या या गावात ३० ऑक्टोबर १९०२ ला १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना धनुर्वात झाला नाही. म्हणजे लस नव्हे, ती एक बाटली दूषित होती. पण कुठे झाली? परळला की गावात? चौकशीत ठपका परळवर आला. हाफकिन यांचं पद गेलं आणि त्यांना भारत सोडावा लागला.

कागदपत्रं नीट वाचल्यावर वेगळं दिसत होतं. बाटली उघडताना वापरलेला चिमटा त्याआधी जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय ते बाटलीत बरेच दिवस वाढले असते तर उघडताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. हे साधे मुद्दे मान्य व्हायला जवळपास पाच वर्षं लागली. मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतली, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

ते परतले, पण कलकत्त्याला. परळची खुर्ची तोवर दुसऱ्याकडे गेली होती. कामावर पूर्वीसारखी मोकळीकही राहिली नाही. निवृत्त होऊन ते युरोपला गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं आणि १९३० मध्ये लोझानला त्यांचं निधन झालं. आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी तोंड वाकडं करून घेतलेल्या पोलिओच्या दोन थेंबांच्या बाटल्यांवरही हेच नाव छापलेलं असायचं.