बाबासाहेबांचे अश्रू

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की निळा कोट, हातात संविधान आणि उंचावलेले बोट असा पुतळा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. गावोगाव वर्गणी काढून तो आम्हीच उभारला, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु हा हाडामांसाचा माणूस ढसाढसा रडला होता, हे आम्ही आमच्या मुलांना कधी सांगतो काय?

१९१७ साली अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अस्पृश्याला जागा मिळेना म्हणून ते पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी संध्याकाळच्या आत जागा सोडायला लावली. एक हिंदू व एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आसरा दिला नाही. कमाटी बागेत बसलेल्या त्या सव्वीस वर्षांच्या विद्वानाला लहान लेकरासारखी आपल्या दिवंगत आईवडिलांची आठवण झाली. अठरा वर्षांनी हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आणि तो आठवताना आजही डोळे भरून येतात, अशी कबुली दिली. अन्याय करणाऱ्याला लाज वाटली पाहिजे, रडणाऱ्याला नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

जुलै १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला. पाचपैकी चार लेकरे या दांपत्याने मातीआड केली. मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपले फाटलेले काळीज उघडे केले. त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, तेच बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात माता रमाईंचे निधन झाले. बाबासाहेबांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि कित्येक दिवस ते लहान मुलासारखे रडत राहिले. साडेचार महिन्यांनी येवल्यात धर्मांतराची गर्जना झाली. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जुना धर्म सोडतानाही त्यांचा कंठ दाटून आला होता.

अश्रूंमुळे क्रांती झाली, असे आमचे म्हणणे नाही. क्रांतीमागे अभ्यास होता, संघटन होते. परंतु दुःख आतल्या आत कुजू न देता त्यांनी ते वाहू दिले, म्हणून ते दुःख त्यांना गिळू शकले नाही.

आज आमच्या घरांत काय चित्र आहे? पुरुषाने रडायचे नसते, हा मनुवादी पुरुषी संस्कार आम्हीही जपून ठेवला आहे. मुलगा वसतिगृहात, महाविद्यालयात जातीवरून टोमणे ऐकतो आणि घरी फोनवर सगळे ठीक आहे म्हणतो. आपण भीमाचे वाघ, वाघ रडतो काय, असे आम्हीच त्याला सांगितलेले असते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला छळणारी व्यवस्था दोषी आहेच. पण आमच्या लेकरांनी मन मोकळे करायला घरात एक जागा ठेवणे, हे काम तर आमच्याच हातात आहे ना?

यंदा जयंतीला मिरवणूक जरूर काढू. त्याच रात्री मुलांना जवळ घेऊन कमाटी बागेची गोष्टही सांगू. ती सांगताना आपले डोळे भरून आले, तर ते मुलांपासून लपवू नका.

जयभीम!