सलीम अली, एक वटवाघूळ आणि आपल्या आवारातली झाडे

पुणे : येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठची झाडी डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखली जाते. खासगी जागेतील झाडी पक्षी आणि वटवाघळांसाठी कशी राखावी, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातून मिळते.

सुरुवात कशी झाली?
१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्म. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) गेले आणि पक्ष्यांचेच झाले.

किहीममध्ये काय सापडले?
१९३० मध्ये नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. नर घरटे अर्धवट विणतो, मादीने पसंत केले की पूर्ण करतो आणि पुढच्या मादीसाठी नवे विणायला घेतो, हे त्यांनी मचाणावर बसून नोंदवले.

वटवाघळाला त्यांचे नाव का?
१९४८ मध्ये तमिळनाडूतील मेघमलाईच्या कॉफीच्या मळ्यात एक फळवटवाघूळ मिळाले. बीएनएचएसच्या संग्रहात ते अनेक वर्षे दुसऱ्याच जातीच्या नावाने पडून होते. ही जात नवी असल्याचे १९७२ मध्ये जाहीर झाले आणि तिला सलीम अलींचे नाव मिळाले. म्हणजे ही दुर्मीळ जात प्रथम मिळाली ती खासगी मळ्यात.

नुसते कुंपण पुरते का?
नाही. भरतपूरला चराई बंद व्हावी, असा सलीम अलींचा आग्रह होता. १९८२ मध्ये बंदी आली. म्हशी गेल्या, तसे पाणथळीत गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासातून हे पुढे आले. २० जून १९८७ रोजी सलीम अलींचे निधन झाले. धडा मात्र राहिला. अधिवास राखायचा तर सतत पाहावे आणि त्याप्रमाणे काम बदलावे लागते.

आपण काय करू शकतो?
• वड, उंबर, पिंपळ शक्यतो तोडू नका. त्यांची फळे पक्षी आणि वटवाघळे दोघेही खातात.
• धोका नसेल तर वाळलेली फांदी राहू द्या. तांबट तिच्यात ढोली कोरतो, पुढे ती इतरांच्याही कामी येते.
• छाटणी विणीच्या काळात टाळा.
• रात्री झाडांवर दिव्यांचे झोत सोडू नका.